आमच्या मशीनवर चालतं, पतपेढीत चालत नाही

या महिन्याच्या टपालात बरीच पत्रं एकाच दुखण्याची निघाली. सॉफ्टवेअर तयार होतं एका मशीनवर, चालवायचं असतं दुसऱ्यावर, आणि अडतं नेमकं या दोघांच्या मध्ये. अंधेरीच्या सीप्झमध्ये माझी नोकरीची वर्षं रिलीजच्या कामात गेली. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर उभा करून दाखवायचा, हेच काम. या विषयावर मला मनापासून बोलायचं असतं, म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत.

प्रश्न: ताई, आम्ही चौघं मिळून पतपेढ्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. गिऱ्हाइकं लालबागपासून कल्याणपर्यंत. सगळीकडे लिनक्सच, पण डिस्ट्रो (लिनक्सचे तयार संच) निरनिराळ्या: कुणाकडे उबुंटू २२.०४, कुणाकडे डेबियन १२, दोन ठिकाणी रॉकी लिनक्स ८ आणि एका पतपेढीत अजून सेंटओएस ७ आहे. बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधणं) मात्र माझ्या लॅपटॉपवर, उबुंटू २४.०४ वर होतं. मागच्या रिलीजला रॉकीवर प्रोग्राम सुरूच होईना, ‘जीलिबसी २.३४ सापडली नाही’ असा संदेश आला. प्रत्येक प्रकारचा एकेक कॉम्प्युटर विकत घ्यावा का? (घाटकोपर)

उत्तर: कॉम्प्युटर घेऊ नका. घेतलेत तर थोड्याच दिवसांत कुणीतरी एकावर घाईत एखादं पॅकेज टाकेल, दुसऱ्यावर सेटिंग बदलेल, आणि मग कुठल्या मशीनवर काय आहे हे तुम्हा चौघांपैकी कुणालाच सांगता येणार नाही. मशीन शून्यापासून उभं करणारी एक फाइल लिहा, ती बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये कोडच्या शेजारी ठेवा, आणि चाचणी झाली की ते मशीन पुसून टाका. पुढच्या वेळी पुन्हा त्याच फाइलमधून नवं करा.

आता तुमचा संदेश. लिनक्सवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम जीलिबसी या लायब्ररीवर (सगळ्यांनी वापरायच्या तयार कोडच्या साठ्यावर) उभा असतो. जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्राम नव्यावर चालतो. उलट्या दिशेची हमी कुणी देत नाही. उबुंटू २४.०४ मध्ये ती २.३९ आहे, रॉकी ८ मध्ये २.२८. तुमच्या लॅपटॉपवर जोडलेल्या प्रोग्रामने २.३४ पासूनची सोय मागितली आणि रॉकीकडे ती नव्हती.

यावर एक ठरलेला सल्ला मिळतो: सगळ्यात जुन्या डिस्ट्रोवर बिल्ड करा. पायथनवाले तो पाळतात. त्यांची ‘मेनीलिनक्स२०१४’ ही बिल्डची इमेज (तयार मशीनचा साठवलेला साचा) सेंटओएस ७ वर आधारलेली आहे. पण तुमचं काम तेवढ्याने भागणार नाही. रॉकी ८ मध्ये एनक्रिप्शनची लायब्ररी ओपनएसएसएल १.१.१ आहे, तर उबुंटू २२.०४ आणि डेबियन १२ मध्ये ३.०. रॉकीवर बांधलेला प्रोग्राम डेबियनवर नेलात की जीलिबसीची तक्रार जाईल आणि ओपनएसएसएलची फाइल सापडत नाही म्हणून तो पुन्हा थांबेल. पैशाच्या व्यवहाराचं सॉफ्टवेअर आहे, एनक्रिप्शन टाळता येणार नाही. म्हणून माझं मत ठाम आहे: प्रत्येक डिस्ट्रोचं पॅकेज त्याच डिस्ट्रोच्या आत बांधा.

त्यासाठीची साधनं जुनी आणि भरवशाची आहेत. आरपीएमसाठी (रॉकीच्या घराण्यातली पॅकेजं) ‘मॉक’, डेबसाठी (डेबियन-उबुंटूची पॅकेजं) ‘एसबिल्ड’ किंवा ‘पीबिल्डर’. ही साधनं दर वेळी कोरी जागा तयार करतात आणि तुम्ही यादीत लिहिलेली पॅकेजंच तिथे घालतात. एखादं लिहायचं राहिलं असेल तर बिल्ड तिथेच पडतं, आणि ते तुमच्यासमोर पडतं, पतपेढीच्या काउंटरवर नाही. सूसेचं ‘ओपन बिल्ड सर्व्हिस’ दोन्ही प्रकारची पॅकेजं एका जागेवरून बांधतं, पण ते सांभाळणं चौघांच्या टीमला जड जाईल. तुम्ही डॉकर किंवा पॉडमन घ्या (ही कंटेनर, म्हणजे आपल्याच मशीनच्या आत दुसऱ्या डिस्ट्रोचं हलकं मशीन, चालवतात) आणि प्रत्येक डिस्ट्रोसाठी एकेक फाइल लिहा.

ती फाइल बारीक ठेवा. तिच्यात फक्त पॅकेजांची नावं असावीत, कारण नावंच वेगळी असतात: डेबियनवर ‘लिबएसएसएल-डेव्ह’, रॉकीवर ‘ओपनएसएसएल-डेव्हल’, डेबियनवर ‘अपाची२’, रॉकीवर ‘एचटीटीपीडी’. बांधणं, बसवणं, तपासणं या बाकीच्या गोष्टी सगळ्यांसाठी एकाच स्क्रिप्टमध्ये ठेवा. त्या स्क्रिप्टमध्येही एक खाच आहे. स्क्रिप्ट चालवणारा ‘एसएच’ हा प्रोग्राम रॉकीवर म्हणजे प्रत्यक्षात बॅश. उबुंटूने २००६ साली, ६.१० पासून, तिथे डॅश हा त्याहून साधा प्रोग्राम आणला आणि डेबियननेही पुढे तेच केलं. तुमच्या दिवसअखेरच्या स्क्रिप्टमध्ये दुहेरी चौकटी कंसांची अट असेल तर ती रॉकीवर बिनबोभाट चालेल आणि डेबियनवर कोलमडेल. बॅश हवं असेल तर पहिल्या ओळीत बॅशचंच नाव लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारं. बिल्ड झालं म्हणजे चाचणी झाली असं धरू नका. तयार झालेलं पॅकेज कोऱ्या मशीनवर बसवा, एक सभासद नोंदवा, एक ठेव जमा करा, पावती छापा, दिवसअखेर करा. मग दुसरं कोरं मशीन घ्या. त्यावर आधी मागची आवृत्ती बसवा, तिच्यात खोटा पण भरपूर डेटा भरा, आणि त्यावर नवी आवृत्ती चढवा. तुमची गिऱ्हाइकं कधीच कोऱ्या मशीनवर नसतात, सगळी मागच्या आवृत्तीवर बसलेली असतात. तरीही बहुतेक टीम फक्त कोरी बसवणीच तपासतात. डेबियनकडे ‘पायुपार्ट्स’ नावाचं साधन बसवणं, चढवणं आणि काढणं या तिन्ही पायऱ्या तपासून काही मागे राहिलं का ते सांगतं. तुमच्या डेब पॅकेजावर ते पहिल्या दिवसापासून चालवा.

इमेज ‘लेटेस्ट’ नावाने ओढू नका. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. ‘लेटेस्ट’ लिहिणाऱ्यांच्या हाती त्यानंतर १२ ऐवजी १३ पडू लागलं. इमेजचा शा-२५६ डायजेस्ट (तिच्या आतल्या मजकुरावरून निघणारा ठसा) लिहून ती पक्की करा. शिवाय आठवड्यातून एकदा, वेगळ्या कामात, सगळं ताज्या इमेजवर चालवा. ते नापास झालं तर रिलीज अडवायचं नाही, फक्त पुढे काय येणार आहे ते वाचायचं.

कुठल्या डिस्ट्रो तपासायच्या, ही यादी तुमच्या गिऱ्हाइकांकडून येऊ द्या. जगातल्या सगळ्या डिस्ट्रो तपासण्यात काही अर्थ नाही. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, त्याची पॅकेजं आता जुन्या ‘व्हॉल्ट’मधून ओढावी लागतात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत. त्या पतपेढीच्या संचालक मंडळाला हे लेखी कळवा आणि मुदत द्या. तिथे लोकांच्या ठेवी आहेत.

प्रश्न: मी एका वाचनालयासाठी सभासद नोंदणीचा प्रोग्राम सांभाळते, जावात आहे. माझ्या मशीनवर पावतीची पीडीएफ सुरेख येते. आपोआप चालणाऱ्या चाचणीत त्याच पावतीवर कधी चौकोन येतात, कधी प्रश्नचिन्हं. शिवाय डेटाबेस जुन्या सेंटओएस ७ वरून नव्या सर्व्हरवर नेल्यापासून काही सभासद नावाने शोधले तर सापडत नाहीत, आणि यादी उघडली तर आहेत! (दादर)

उत्तर: तुमचं पत्र वाचून मी लगेच लिहायला बसले. मराठी सॉफ्टवेअर करणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं असं मला वाटतं.

आधी पावती. मराठी मजकूर तीन वेगळ्या कारणांनी बिघडतो आणि तिन्हींचं रूप वेगळं असतं. चौकोन दिसले तर फॉन्ट नाही. प्रश्नचिन्हं दिसली तर अक्षरं कागदापर्यंत पोचण्याआधीच हरवली, म्हणजे एन्कोडिंग (अक्षरं आकड्यांत साठवण्याची पद्धत) चुकलं. आणि अक्षरं आहेत पण ‘क्षितिज’मधली वेलांटी भलत्या जागी, जोडाक्षरं सुटी, असं दिसलं तर फॉन्ट आहे, अक्षरं जुळवणारा भाग नाही.

तुमच्याकडे पहिली दोन कारणं एकत्र आहेत. कंटेनरच्या इमेज मुद्दाम लहान ठेवलेल्या असतात आणि त्यांत देवनागरी फॉन्ट नसतो. डेबियन-उबुंटूवर ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ हे पॅकेज घाला, रॉकी-फेडोराच्या घराण्यात ते ‘लोहित-देवनागरी-फॉन्ट्स’ नावाने मिळतं. प्रश्नचिन्हांचं मूळ जावात आहे. १८ व्या आवृत्तीच्या आधी जावा आपलं एन्कोडिंग मशीनच्या लोकॅलवरून (भाषेच्या सेटिंगवरून) ठरवत असे, आणि कंटेनरमध्ये लोकॅल बहुधा ठरवलेलीच नसते. १८ पासून यूटीएफ-८ हेच गृहीत धरलं जातं. जुन्या जावावर असाल तर ते सुरू करतानाच यूटीएफ-८ सांगा. फॉन्ट आणि लोकॅल दोन्ही मशीन उभं करणाऱ्या फाइलमध्ये लिहा, आठवणीवर सोडू नका.

चाचणीही बदला. ‘पीडीएफ तयार झाली’ एवढंच तपासणारी चाचणी चौकोनांनी भरलेली पावतीही पास करते. पीडीएफचं पान चित्रात बदला आणि तुम्ही स्वतः पाहून मान्य केलेल्या चित्राशी ताडून पाहा. नमुन्याच्या नावांत ‘ज्ञानेश्वर’, ‘हृषीकेश’, ‘कुऱ्हाडे’, ‘ॲड.’ असली अक्षरं हवीत. ‘राम’ सगळीकडे बरोबर छापला जातो.

आता हरवलेले सभासद. ते हरवलेले नाहीत, त्यांच्याकडे जाणारी वाट बिघडली आहे. पोस्टग्रेसारखा डेटाबेस नावांची सूची क्रमाने लावून ठेवतो आणि शोधताना त्या क्रमावर भरवसा ठेवतो. तो क्रम त्याला सहसा जीलिबसी सांगते. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या २.२८ आवृत्तीत जीलिबसीने क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. सेंटओएस ७ मध्ये २.१७ आहे, म्हणजे तुमची सूची जुन्या नियमाने लागलेली. डेटाच्या फायली जशाच्या तशा नव्या सर्व्हरवर गेल्या आणि नवी जीलिबसी त्याच सूचीत नव्या नियमाने शोधू लागली. ज्या नावांच्या जागा बदलल्या ती सापडेनात. यात आणखी एक धोका आहे: एकच सभासद क्रमांक दोनदा नोंदवू न देणारी अटही अशाच सूचीवर उभी असते, त्यामुळे मजकुराच्या रकान्यात दुबार नोंदी शिरू शकतात. आजच बॅकअप घ्या, दुबार नोंदी शोधा, मग सगळ्या सूची ‘रीइंडेक्स’ करून नव्याने बांधा.

पुढे हे टाळायचं तर क्रमासाठी आयसीयू लायब्ररी वापरा. पोस्टग्रेमध्ये तिची सोय २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून आहे. आयसीयूचेही नियम आवृत्तीगणिक बदलतात, पण पोस्टग्रे तिची आवृत्ती नोंदवून ठेवतो आणि ती बदलली की इशारा देतो.

आणि एक चाचणी लिहाच. वाचनालयाच्या रजिस्टरमधल्या क्रमाने काही आडनावं फाइलमध्ये लिहा. ‘कावळे’ आणि ‘काळे’ त्यात हवेतच. आपल्या वर्णमालेत ळ शेवटाकडे, ह-च्या पुढे आहे, म्हणून कावळे आधी आणि काळे नंतर. युनिकोडच्या, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या, तक्त्यात ळ ल-च्या लगेच पुढे आणि व-च्या आधी बसवला आहे, त्यामुळे निव्वळ आकड्यांवरून लावलं तर काळे आधी येतात. अल्पाइन लिनक्सच्या इमेज छोट्या म्हणून लोक आवडीने घेतात, पण तिच्यातली जीलिबसीऐवजीची ‘मसल’ लायब्ररी भाषेप्रमाणे क्रम लावतच नाही, आकडेच पाहते. तुमच्या चाचणीचा डेटाबेस अल्पाइनवर आणि खरा डेबियनवर असेल तर दोन्हीकडच्या याद्या वेगळ्या लागतील. खरा सर्व्हर ज्यावर आहे त्यावरच चाचणीचा डेटाबेस चालवा.

प्रश्न: आमची रात्री दोनला चालणारी चाचणी व्याजाच्या हिशेबात नापास होते. सकाळी ऑफिसात येऊन तीच चालवली की पास. कोड तोच, कंटेनर तोच. (बोरिवली)

उत्तर: कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर, आहे. मुंबईत मध्यरात्र उलटल्यापासून पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी अजून कालची तारीख असते, त्यामुळे व्याज एका दिवसाने चुकतं. सकाळी दहाला दोन्ही तारखा जुळतात. चाचणीची वेळ बदलून हा दोष झाकू नका. दिवसअखेर मध्यरात्रीनंतर करणारी पतपेढी असेल तर तिथेही हेच होणार.

मशीनच्या फाइलमध्ये ‘एशिया/कोलकाता’ लिहा आणि प्रोग्रामला वेळ बाहेरून देता येईल असा कोड करा. जावात त्यासाठी ८ व्या आवृत्तीपासून ‘क्लॉक’ आहे. मग ३१ मार्चची रात्र, १ एप्रिलची पहाट आणि २९ फेब्रुवारी या वेळा कुठल्याही दिवशी तपासता येतात.

तुम्ही पुढे डेबियन १३ वर जाणार असाल तर आणखी एक. विंडोजवरचं जावा आपल्या वेळेला अजून ‘एशिया/कलकत्ता’ म्हणतं आणि पोस्टग्रेशी जोडताना तेच नाव पाठवतं. डेबियनने अशी जुनी नावं ‘टीझेडडेटा-लेगसी’ या वेगळ्या पॅकेजात हलवली आहेत. ते पॅकेज नसेल तर सर्व्हर जोडणीच नाकारतो. पॅकेज घाला, किंवा जावाला कोलकाता सांगा.

प्रश्न: आमचे साहेब म्हणतात सगळं डॉकरमध्ये तपासतो, व्हीएमचा (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या अख्ख्या नकली कॉम्प्युटरचा) खर्च कशाला? (मुलुंड)

उत्तर: बिल्डसाठी आणि बहुतेक चाचण्यांसाठी साहेबांचं बरोबर आहे. पण कंटेनरला स्वतःचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) नसतो, तो खालच्या मशीनचाच वापरतो. उबुंटूच्या मशीनवर रॉकीचा कंटेनर चालवला तर फायली रॉकीच्या आणि कर्नल उबुंटूचा. रॉकीवर एसईलिनक्स हा सुरक्षेचा पहारा सुरुवातीपासून कडक असतो, आणि भलत्या फोल्डरमधली फाइल वेबसर्व्हरला वाचू देत नाही. त्या कंटेनरमध्ये एसईलिनक्स नाहीच, म्हणून चाचणी पास होते आणि गिऱ्हाइकाकडे पान उघडत नाही. मग तिथला कुणीतरी एसईलिनक्स बंद करून टाकतो, आणि ते बंदच राहतं. हे पाहून मला फार वाईट वाटतं. फायरवॉल, सिस्टमडीची (प्रोग्राम सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या व्यवस्थेची) सेवा, वीज गेल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू झाला तर प्रोग्राम आपोआप उठतो का, या गोष्टीही खऱ्या मशीनसारख्या मशीनवरच कळतात.

खर्चही साहेबांना वाटतो तेवढा नाही. व्हीएम चालवणारं केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, वेगळा परवाना लागत नाही. उबुंटू, डेबियन, रॉकी सगळे आपल्या तयार क्लाउड इमेज फुकट देतात. मूळ इमेजला हात लावायचा नाही. तिच्यावर क्यूकाऊ२ या प्रकारच्या डिस्क-फाइलचा पातळ थर ठेवायचा, पहिल्यांदा सुरू होताना मशीनची मांडणी करणाऱ्या क्लाउड-इनिटला यूजर आणि स्क्रिप्ट द्यायची, चाचणी झाली की थर पुसायचा. ऑफिसातला एक बरा जुना सर्व्हर यासाठी पुरतो. कोडमधल्या प्रत्येक नोंदवलेल्या बदलाला (कमिटला) कंटेनर, रात्री आणि रिलीजच्या आधी व्हीएम, अशी वाटणी साहेबांपुढे ठेवा.

प्रश्न: मॅडम, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ८ जीबीचा लॅपटॉप आहे आणि नेट मोबाइलचंच. हे काम शिकता येईल का? (विक्रोळी)

उत्तर: नक्की येईल, आणि तू हे वय वाया न घालवता विचारलंस याचा मला आनंद आहे. एकावेळी अनेक व्हीएम तुझ्या लॅपटॉपला झेपणार नाहीत, कंटेनर झेपतील. पॉडमन बसव, त्याला रूटचे (मशीनच्या मुख्य यूजरचे) अधिकारही लागत नाहीत. डेबियनची ‘स्लिम’, रॉकीची ‘मिनिमल’ आणि अल्पाइन, एवढ्या तीन इमेज कॉलेजच्या वायफायवर एकदा उतरवून ठेव. पुन्हा पुन्हा ओढू नकोस, डेटा तिथेच संपतो. पॅकेजांसाठी लॅपटॉपवरच ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ चालव, म्हणजे डेबियनचं एकदा उतरलेलं पॅकेज पुढच्या वेळी नेटवरून येणार नाही.

पहिलं काम म्हणून छोटी शेल स्क्रिप्ट लिही: मराठी नावांची फाइल वाचायची, क्रमाने लावायची, आजची तारीख छापायची. ती तिन्ही ठिकाणी चालव आणि फरक कागदावर लिहून काढ. वरची सगळी उत्तरं तुला तिथे आपल्या डोळ्यांनी दिसतील. मग ती गिटहबवर सार्वजनिक ठेव. सार्वजनिक कोडसाठी तिथली साधी मशीन्स फुकट चालतात, आणि ‘मॅट्रिक्स’ (डिस्ट्रोंची यादी) लिहून एकाच फाइलमधून तिन्ही डिस्ट्रोवर चाचणी लावता येते. लिनक्सच्या कमांड कच्च्या असतील तर आपल्या पवईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल बघ, मराठीतून आहेत. फरकांचा तो कागद मला पाठव. कुठे अडलास ते लिहिलंस तर उत्तर याच पानावर देईन.